नववं स्थान कुणालाच नको होतं

सुरुवातीलाच सांगून टाकते, ह्यात जे काही बरं झालं ते आमच्या घरमालकीणबाईंमुळे झालं. बाई म्हणजे निवृत्त मराठीच्या शिक्षिका. वय सत्तरच्या पुढे, घर नाशकातल्या एका कॉलनीत, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. पुढच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची पुस्तकं, मागच्या खोलीत भाड्यानं मी. नाव लिहायचं नाही असं त्यांनी बजावलंय. "नाव लिहिलंस तर पहिल्या ओळीपासून लाल पेन फिरवीन," म्हणाल्या. ते पेन काय करतं हे मी पाहिलंय, म्हणून लिहीत नाही. पण उपकार कुणाचे ते आधी कळावं आणि मग गोष्ट. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, मीच हुशार होते.

मी हुशार नव्हते, घाबरट होते. अजूनही आहे. एसटीत बसले तरी गाडी बरोबर आहे ना म्हणून दोघातिघांना विचारते, आणि तिसऱ्यानं सांगितलं तरी पाटी बघायला परत खाली उतरते.

माझं गाव जालन्याकडचं. दोन गाड्या बदलून जायला अख्खा दिवस जातो, म्हणून वर्षातून एकदाच, नाताळला जाणं होतं. आठवीच्या सहामाहीनंतर माझी शाळा सुटली. घरी जुळी भावंडं झाली होती, आईला उठवत नव्हतं, आणि कुणीतरी घरी राहायला हवं होतं. ते कुणीतरी मी होते. पुढे जुळी शाळेत जायला लागली, मी काही परत गेले नाही. मग मावसबहिणीच्या ओळखीनं इकडे पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या पॅकहाउसात काम मिळालं. मावसबहीण लग्न होऊन गेली, मी राहिले. सकाळी टेम्पो हायवेवरून आम्हा बायकांना उचलतो, संध्याकाळी आणून सोडतो.

काम बसून करायचं. डोक्याला टोपी, हातात बारीक टोकाची कात्री. घड देठाला धरून उचलायचा, चिरलेला, डागी, बारीक राहिलेला मणी कात्रीनं काढायचा, आणि चांगल्या मण्याला बोट लागू द्यायचं नाही. मण्यावर पांढुरकी साय असते. बोट लागलं की ती पुसली जाते आणि मणी उघडाबोडका दिसतो. सुपरवायझर त्यावरून ओरडतो, पण माझ्यावर कधी ओरडावं लागलं नाही त्याला. ती साय मला फार आवडते. पहाटे धुक्यातून दिवा दिसावा तसा आतला हिरवा रंग दिसतो.

रंगांचं हे वेड मला चर्चमधून लागलं. आमच्या गावाकडच्या चर्चच्या भिंतींवर क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रं होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. येशूला शिक्षा झाली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंतचे चौदा प्रसंग, एका भिंतीवर सात, दुसरीवर सात. प्रत्येकाला स्थान म्हणतात. ईस्टरच्या आधी उपवासकाळ असतो. त्यातल्या दर शुक्रवारी लोक एकेका स्थानापुढे थांबून गुडघे टेकतात, कुणीतरी त्या प्रसंगाचं चिंतन वाचतं, मग पुढे जायचं. गावात कॅलेंडर सोडलं तर चित्र म्हणून दुसरं काही नव्हतंच. मी ती चौदा चित्रं पाठ करायची असल्यासारखी बघायचे. चौथ्या स्थानात मरिया मातेच्या ओढणीला जो निळा होता, तो मी पुढे कापडाच्या कुठल्याच दुकानात पाहिला नाही. अजून ओढणी घेताना तोच शोधते आणि दुकानदार वैतागतो.

आता माझं पाप. नाशकातल्या चर्चमध्ये यायला लागले, तेव्हा आमच्या भागातल्या कॅथलिक कुटुंबांचा जो समूह आहे, त्याच्या प्रमुख आंटी माहिती लिहून घ्यायला आल्या. आंटींच्या काखेत कायम एक फाइल असते. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपलेली, आम्ही व्हरांड्यात उभ्या, आणि बाजूला कॉलेजच्या तीन मुली. आंटींनी नाव विचारलं, गाव विचारलं, काम विचारलं आणि मग विचारलं, शिक्षण? माझ्या तोंडून निघून गेलं, बारावी. का निघालं ते मलाही सांगता येणार नाही. त्या मुलींच्या चपला फार सुंदर होत्या, एवढं आठवतं.

पुढे कन्फेशनमध्ये जाऊन खोटं बोलल्याचं कबूल केलं. फादरांनी एक प्रार्थना तीनदा म्हणायला सांगितली, ती मी सहादा म्हटली. पण फॉर्म तसाच राहिला. तो आंटींच्या फाइलमध्ये होता.

आणि मग ती बारावी माझ्या मानगुटीवर बसली. त्या वर्षी फादरांनी सांगितलं की चिंतनं पुस्तिकेतून वाचायची नाहीत, एकेका शुक्रवारी एकेका समूहानं आपल्या शब्दांत लिहून आणायची. आमचा शुक्रवार पाचवा. एकाच्या घरी बैठक झाली, चहा झाला, आणि स्थानांची वाटणी सुरू झाली. चौथं स्थान, आई आणि मुलाची भेट, ते एका काकूंनी बैठकीला यायच्या आधीच फोनवरून धरून ठेवलं होतं. सहाव्यावर तिघींचा डोळा होता. त्यात एक बाई गर्दीतून पुढे येऊन येशूचं तोंड पुसते आणि त्याचा चेहरा त्या कापडावर उमटतो. मलाही तेच हवं होतं, कारण जगातलं सगळ्यात सुंदर चित्र ते असणार असं मला लहानपणापासून वाटतं. पण मी तोंड उघडेपर्यंत ते कॉलेजातल्या एकीला गेलं. बँकेतल्या अंकलनी सातवं घेतलं. शेवटी नववं उरलं.

नववं कुणालाच नको असतं, त्याला कारण आहे. येशू तिसऱ्यांदा पडतो, ते हे स्थान. पहिल्यांदा तो तिसऱ्या स्थानात पडतो, दुसऱ्यांदा सातव्यात. पडण्याबद्दल जे काही बोलता येण्यासारखं असतं ते सगळं तोवर दोघांनी बोलून संपवलेलं असतं. वर आमच्या चर्चची पद्धत अशी की जिथे येशू पडतो त्या तीन स्थानांना चिंतन संपेपर्यंत सगळ्यांनी गुडघ्यावरच राहायचं. तिसऱ्या स्थानाला लोक ताजेतवाने असतात. नवव्यापर्यंत म्हाताऱ्यांचे गुडघे बोलायला लागतात, पोरं रडतात, आणि वाचणारा लांबला की सगळं चर्च मनातल्या मनात त्याला शिव्या घालतं.

आंटी म्हणाल्या, "बारावी शिकलीयेस, दोन परिच्छेद काय अवघड तुला?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायला धीर लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता.

आठ दिवस जागेपणी आणि झोपेत मी तेच करत होते. जुनी पुस्तिका समोर ठेवली, फोनवर शोधून आणखी काही वाचलं, आणि दोन पानं भरून काढली. "हे परमदयाळू प्रभो, पापांच्या असह्य भाराने व्याकुळ होऊन" अशी सुरुवात होती आणि शेवटपर्यंत तोच सूर होता. मला ते भारी वाटलं. एकच भीती होती की जोडाक्षरं चुकली असतील आणि बारावीची चोरी तिथंच पकडली जाईल. म्हणून बाईंकडे गेले. फक्त शुद्धलेखन बघा, म्हटलं.

बाईंनी दोन्ही पानं वाचली. चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"नाही गं. हे छापखान्यानं लिहिलंय." मग विचारलं, "तुमचा देव पडतो किती वेळा?"

"तीनदा."

"आमचे बुद्ध बसलेले असतात. बरं असतं, काळजी नाही." हे बोलताना त्या इतक्या गंभीर होत्या की हसावं की नाही ते मला कळेना. मग त्याच हसल्या. "बरं, मला ह्यातलं काही कळत नाही, मला शिकव. पहिल्यांदा पडला, कळलं. दुसऱ्यांदा पडला, तेही कळलं. तिसऱ्यांदा पडण्यात नवीन काय आहे? नवीन नसेल तर तुमच्या त्या तिसऱ्या स्थानवाल्याला सांगा, आपलाच कागद पुन्हा वाच. सगळ्यांचा वेळ वाचेल."

तिसऱ्यांदा जास्त दुखलं असेल, असं काहीतरी म्हटलं. बाई म्हणाल्या, ते तुला कसं माहीत, तू मोजलंस का. मी कागद घेऊन माझ्या खोलीत आले आणि रडले. पण रडता रडता लक्षात आलं की त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, जोडाक्षरांबद्दल चकार शब्द काढला नाही. इतक्या वर्षांत कुणी मला पहिल्यांदा असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर मी द्यावं अशी त्याची खरीच इच्छा होती.

रविवारी मिस्साहून आले तर बाई पाण्याची बाटली घेऊन तयार. म्हणाल्या, चल लेण्यांवर. नाशकात राहून मी लेणी पाहिली नव्हती. पायऱ्या चढताना दम मला लागला, त्यांना नाही. शाळेत असताना दरवर्षी पोरांना घेऊन इथे येत, असं सांगत होत्या. वर पोचल्यावर मी सगळ्यांसारखी मोठ्या मूर्तीसमोर जाऊन उभी राहिले. बाईंनी खांद्याला धरून मला बाजूला फिरवलं.

"मधे सगळेच बघतात. तू कडेला बघ. मधलं काम कारागीर नेमून दिल्यासारखं करतो, कडेला त्याला कुणी विचारत नाही. तिथे तो स्वतःचं काहीतरी करतो."

मग आम्ही तासभर कडाच बघत होतो. खांबांच्या डोक्यावरचे प्राणी, दाराच्या चौकटीवरची बारीक नक्षी, एका कोपऱ्यातला एक चेहरा. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी घेऊन इथे बसला होता आणि त्यालाही कुठेतरी वाटलं असेल की हे कोण बघणार. त्यानं तरी नीट केलं. हे मला इतकं आवडलं की उतरताना मी एकटीच हसत होते. बाई म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "काही नाही म्हणू नकोस, लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई माझ्याबरोबर चर्चमध्ये आल्या. चर्चमध्ये त्या पहिल्यांदाच येत होत्या. गरज नाही म्हटलं तरी त्यांनी चपला दाराशी काढल्या. मग पहिल्या स्थानापासून एकेक चित्र त्या उत्तरपत्रिका तपासाव्यात तसं बघत गेल्या. इथली स्थानं गावाकडच्यासारखी कागदावरची नाहीत, प्लास्टरची उठावाची आहेत, रंगवलेली. सहाव्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या. "हिनं फडकं पुढे केलं आणि चित्र झालं. म्हणजे तुमच्याकडची पहिली चित्रकार हीच की," म्हणाल्या. माझ्या मनात जे लहानपणापासून होतं ते असं कुणीतरी सहज बोलून दाखवलं, तर मला एकदम भरून आलं.

नवव्यापुढे आलो आणि बाई थबकल्या. "अर्धं कुठाय?"

नववं स्थान भिंतीच्या शेवटच्या खांबाशी आहे आणि माइकचा स्पीकर नेमका त्याच्यापुढे टांगलेला आहे. येशू दिसतो, क्रूस दिसतो, उजवीकडचा कोपरा त्या काळ्या खोक्यामागे जातो. मी इतक्या शुक्रवारी तिथे गुडघे टेकले, तो कोपरा बघावा असं मला सुचलं नव्हतं. बाईंनी मान वाकडी केली, दिसेना. मग मला काही कळायच्या आत त्या बाकावर चढल्या. सत्तरीची बाई, नऊवारी नव्हे पण सुती पातळ, एक हात खांबाला. त्या पडतील ही एक भीती आणि फादर येतील ही दुसरी.

फादरच आले. मी काहीतरी क्षमा मागायला लागले, तर त्यांनी पुढे होऊन बाक घट्ट धरला आणि विचारलं, काय दिसतंय?

"एक माणूस आहे," बाई वरून म्हणाल्या. "पाटी घेऊन बसलाय. पाटीत हातोडा आणि खिळे. येशूकडे बघत नाही तो. थांबा, तोंड उघडं आहे ह्याचं." मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की वेदीपाशी फुलं लावणाऱ्या सिस्टर वळून बघायला लागल्या. "जांभई देतोय हा. अहो, ह्यानं जांभई देणारा माणूस केलाय."

फादरांनी बाईंना हात देऊन खाली उतरवलं, मग स्वतः चढले. मग मी. खरंच होतं. एवढीशी आकृती, वीतभरही नाही, गुडघ्यावर पाटी, मान मागे टाकलेली, आणि मोठी जांभई. ज्या कुणी हे प्लास्टर केलं त्यानं त्या माणसाचे दातसुद्धा रंगवले होते. फादर म्हणाले, इतकी वर्षं मी इथे आहे, मला माहीत नव्हतं.

घरी येताना रिक्षात मीच बोलले. म्हटलं, बाई, पहिल्यांदा पडला तेव्हा सगळ्यांनी बघितलं असेल. दुसऱ्यांदाही थोड्यांनी बघितलं असेल. तिसऱ्यांदा कुणी बघत नाही. ते नवीन आहे.

बाईंनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "आता घरी जाऊन लिही. आणि प्रभोबिभो नको."

त्या आठवड्यात मी चार वेळा लिहिलं. पॅकहाउसमध्ये हात चालू असायचे आणि डोक्यात वाक्यं. बाई संध्याकाळी लाल पेन घेऊन बसायच्या. मी वाचायचे, त्या ऐकायच्या आणि खोडायच्या. "असह्य" खोडला. "अत्यंत" दोनदा खोडला. एकदा त्या जांभई देणाऱ्या माणसाबद्दलचं एक वाक्य खोडायला निघाल्या. त्यात मी लिहिलं होतं की तो वाईट नव्हता, सकाळपासून उपाशी होता. मी त्यांचा हातच धरला.

"त्याला हात लावू नका बाई. साय जाईल त्याची."

त्यांना पॅकहाउसचं सगळं मी कधीच सांगितलेलं होतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवलं, पण आपल्या वाक्यासाठी भांडणारं पोर क्वचित भेटलं.

पण खरी अडचण पुढे होती. शेवटचा भाग लिहिताना एक गोष्ट माझ्या हातून कागदावर आली, ती मी लिहिणार नव्हते. माझी शाळा सुटली त्याची. पहिल्यांदा शाळा बुडली तेव्हा गुरुजी घरी आले होते. दुसऱ्यांदा महिनाभर गेले नाही, तेव्हा त्यांनी एका मुलीबरोबर निरोप पाठवला. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही. हजेरीत माझ्या नावाशी ते थांबले नाहीत एवढंच. हे मला मैत्रिणीनं नंतर सांगितलं होतं. त्या गुरुजींचा राग मला कधी आला नाही. त्यांना साठ पोरं होती.

हे वाचायचं म्हणजे भर चर्चमध्ये सांगायचं की माझी आठवीतच शाळा सुटली. आंटी समोर, फाइल समोर, त्या तिघी समोर. मी बाईंना म्हटलं, हे खोडा. खरंतर गयावयाच केली. त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं.

"ती ओळ मी खोडणार नाही. तुला खोडायची तर तू खोड. मी काही म्हणणार नाही आणि पुन्हा विषयही काढणार नाही."

मी म्हटलं, मग वाचायला दुसऱ्या कुणाला तरी देते. आंटी म्हणाल्याच होत्या की आवाज बसला तर सहाव्या स्थानवाली वाचेल. बाई म्हणाल्या, तेही तू ठरव. आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला फार राग आला. एरवी पोळी कशी लाटायची तेही सांगणारी बाई, आणि नेमकं जेव्हा कुणीतरी सांगावं असं वाटत होतं, तेव्हा गप्प.

शुक्रवारी सुपरवायझरला विनंती करून चारला निघाले. कागद ब्लाउजमध्ये ठेवला होता. ती ओळ अजून होती. चर्चला पोचेपर्यंत खोडीन असं ठरवलं होतं. पोचले, पेन नव्हतं.

बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

पहिल्या पाच स्थानांना मला काही ऐकू आलं नाही. सहाव्याला त्या मुलीनं फार छान वाचलं, तेवढं ऐकलं, आणि माझी सगळी जळजळ गेली. तिच्यापेक्षा बरं मला आलं नसतं. सातव्याला बँकेतल्या अंकलनी माणसाचं पतन ह्या विषयावर इतकं लांबवलं की एक आजी गुडघ्यावरून सरळ खाली बसल्या. आठवं झालं आणि मग मी माइकपाशी गेले.

सगळे गुडघ्यावर होते. मी वाचायला लागले. पहिल्यांदा पडला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, हे वाचलं. मग तो माणूस, त्याची पाटी, त्याची जांभई. "ह्या स्पीकरच्या मागे तो अजून बसलेला आहे," असं वाचलं तेव्हा दोनतीन माना वर झाल्या आणि कुणीतरी हसू दाबलं. ते हसू ऐकून मला जरा बरं वाटलं. "तो वाईट नव्हता, सकाळपासून उपाशी होता. तिसऱ्यांदा पडणाऱ्याकडे बघायला कुणाकडेच वेळ नसतो. मला हे माहीत आहे, कारण," इथपर्यंत आले आणि पुढची ओळ ती होती.

आवाज फुटेना. घसा कोरडा नव्हता, काही नव्हतं, नुसतं थांबलं सगळं. ओळ समोर दिसत होती, एकूण एक अक्षर दिसत होतं. वरती पंखा फिरत होता, तो किती वेळा फिरला ते मी मोजत होते. कुणी खोकलं नाही. एक बाळ रडत होतं, तेही गप्प झालं. मला वाटलं आता आंटी उठतील, माझ्या हातातून कागद घेतील, आणि ती ओळ त्या वाचतील. ते मला सहन झालं नसतं. माझी ओळ दुसऱ्या कुणी वाचावी हे मला चालणार नव्हतं, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं.

"कारण आठवीत माझी शाळा सुटली," मी वाचलं. मग गुरुजी, निरोप, हजेरी, सगळं वाचलं. शेवटी दोनच वाक्यं होती. "प्रभू तिसऱ्यांदा उठला तेव्हाही कुणी पाहिलं नाही. तरी तो उठला." आणि मी माइकपासून बाजूला झाले. त्यानंतरची पाच स्थानं मी कागद घट्ट धरून पार केली.

बाहेर व्हरांड्यात आंटींनी गाठलंच. मी खाली बघत होते. त्या म्हणाल्या, "मधे शांतता ठेवायची कल्पना चांगली होती. फक्त जरा आधी सांगायचंस, मी गुडघ्याखाली काहीतरी घेतलं असतं."

त्यांनी फाइल उघडली, माझा फॉर्म काढला. "बारावी खोडू?"

"खोडा."

त्यांनी खोडलं, वर आठवी लिहिलं. मग पानं उलटून स्वतःच्या फॉर्मवर आल्या आणि तिथलंही काहीतरी खोडायला लागल्या. मी बघते आहे हे पाहून म्हणाल्या, "बघतेस काय? माझंही खरं नववीपर्यंतच झालंय. आज हात लागलाच आहे तर दोन्ही करून टाकते. आणि त्या बँकेतल्या अंकलचं मी काही विचारणार नाही, माझ्यात ती हिंमत नाही." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की फादर बाहेर आले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तो स्पीकर काढून दुसऱ्या खांबावर बसवला. आता तो जांभईवाला सगळ्यांना दिसतो. लहान पोरं मुद्दाम नवव्या स्थानापुढे येऊन उभी राहतात.

त्या संध्याकाळी रिक्षात बाई म्हणाल्या, "ती शांतता तू ठेवली नव्हतीस."

"नाही."

"मला कळलं. पुढच्या वेळी ठेव."

द्राक्षांचा सीझन संपल्यावर एका दुपारी बाईंनी मला पुस्तकांचं कपाट आवरायला मदतीला घेतलं. अगदी खालच्या कप्प्यात, पेपरात गुंडाळलेल्या तीन जाड वह्या निघाल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, आईबद्दल लिहीत होते. त्यांची आई विड्या वळायची, आणि वळता वळता पोरीकडून धडे मोठ्यानं वाचून घ्यायची. स्वतःला अक्षरओळख नव्हती. त्या वाचून घेण्यातूनच आपण मराठीच्या बाई झालो, असं बाई म्हणाल्या. मी एक वही उघडली. पानोपानी लाल रेघा होत्या. त्यांनी स्वतःचंच लिहिलेलं जवळजवळ सगळं खोडून टाकलं होतं.

"दुसऱ्यांचं तपासता तपासता मला माझं वाचता येईनासं झालं," त्या म्हणाल्या. आणि वह्या पुन्हा पेपरात गुंडाळून होत्या तिथे ठेवल्या. मला वाच म्हणाल्या नाहीत, मीही मागितल्या नाहीत. माझी अजून तेवढी तयारी नाही हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

ह्या वर्षी मी दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरला आहे. संध्याकाळी बाई देतील ते पुस्तक वाचते, कळत नाही ते विचारते. फॉर्म बरोबर भरला ना म्हणून तीनदा जाऊन विचारूनही आले. दहावी झाली तर झाली. पण एक दिवस, वाचलेल्यातलं चांगलं काय आणि का, हे मला न घाबरता सांगता येईल. त्या दिवशी मी बाईंकडे त्या वह्या मागेन. त्या रेघांच्या खालचं एकेक वाक्य वाचेन, आणि जे खोडायला नको होतं ते एकेक करून त्यांना परत देईन. बाई रागावतील, मी भांडेन. तेवढं मी फेडणार आहे, बाई. वह्या तोवर जपून ठेवा.